अंबूबाई आणि खालची गोळी

पालीहून राजगडाकडे चढणारी पायवाट जिथं पहिल्यांदा माणसाचा दम काढते, तिथं एका हिरड्याच्या सावलीत अंबूबाईचं बस्तान असे. ताकाचं मडकं, लिंबू सरबताची कळशी, मीठमसाला लावलेल्या काकडीच्या फोडी आणि चैत्र-वैशाखात पळसाच्या पानावर करवंदं. ही जागा तिनं उगाच निवडली नव्हती. लग्न होऊन पालीत आल्यावर पहिली दोन वर्षं गडावर ताक वाहून नेताना तिनं पाहून ठेवलं होतं, पुण्याची माणसं कमरेवर हात ठेवून नेमकी कुठं उभी राहतात. त्याच्यापुढं दहा पावलांवर तिनं आपलं पोतं अंथरलं. दहा पावलं पुढं का, असं कुणी विचारलं तर सांगायची, "उभं ऱ्हायल्यावर मानूस आधी वर बगतो. वर बगितलं की ताक दिसाया पायजे."

"अजून किती राहिलं?" या प्रश्नाला तिचं उत्तर चाळीस वर्षांत बदललं नव्हतं. "हे काय, आलंच." त्या भरवशावर माणसं उठायची आणि पुढचा तासभर तिच्या नावानं बोटं मोडत चढायची. उतरताना एखादा भांडायला थांबलाच, तर ती त्याला शांतपणे विचारायची की बाबा, पोचलास का नाही? पोचलेला असायचाच. मग आणखी एक पेला ताक खपायचं.

खोड जन्माची होती. पानशेतच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यात तिचा जन्म. बापाची शेरडं-मेंढरं. सात-आठ वर्षांची असताना संध्याकाळी ती एखादी शेळी मुद्दाम करवंदीच्या जाळीमागं बांधून यायची. घरी मोजणीला एक कमी भरली की सगळा वाडा हवालदिल व्हायचा, आणि मग ही एकटी जाऊन शेळी "शोधून" आणायची. बाप कौतुकानं गुळाचा खडा द्यायचा. पाचव्या वेळेला बापानं तिला शेळीसकट जाळीमागं गाठलं, तेव्हा कुठं तो खेळ थांबला.

नवरा गेनू तिच्या अगदी उलट. भातखाचरात दिवसभर वाकलेला, बोलायची वेळ आली की आधी डोक्यावरची टोपी सारखी करणारा. तोंडातून शब्द यायच्या आत समोरचा माणूस निघून गेलेला असे. अंबूबाई दोघांच्या वाटणीचं बोलायची. आणि बोलून भागलं नाही की तिच्याकडं एक हुकमी औषध होतं, पोटातली कळ. नणंदेकडं जायचं जिवावर आलं, कळ. चुलत दिराच्या नातवाच्या बारशाला वीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या आल्या, कळ. बचतगटाच्या साहेबीणबाई भाषण द्यायला येणार म्हणून निरोप आला, कळ. पोटावर हात दाबून, डोळे अर्धे मिटून ती अशी काही बसायची की नवीन सुनेनं एकदा रडतच डॉक्टरला फोन लावला होता.

त्यामुळं गेल्या साली भैरवनाथाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, मटणाचं जेवण झाल्यावर दोन तासांनी, अंबूबाई खरोखरच कळ येऊन भिंतीला टेकली, तेव्हा घरातलं कुणी जागचं हललं नाही. जत्रेची भांडी घासायची पडली होती. गेनूनं भांड्यांच्या ढिगाकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं आणि टोपी सारखी करून तो गोठ्यात निघून गेला. कळ बरगडीखालून निघून थेट पाठीत जात होती. अंबूबाईनं खूप सांगितलं की या खेपेला खरं आहे. पण हेही ती दर खेपेला सांगत आलेली होती.

चार दिवसांनी तिचे डोळे पिवळे झाले. मग मात्र सगळ्यांची धावपळ उडाली, कारण डोळे पिवळे करून दाखवणं तिलाही जमण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या गावात काविळीची माळ घालणारा एक म्हातारा होता. कसल्याशा काटक्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवून तो ती माळ डोक्यावर बसवायचा. माळ वाढत वाढत खाली उतरते आणि गळ्यात पडली की कावीळ गेली, असा त्याचा हिशोब. शेजारणी तिला धरूनच घेऊन गेल्या. अंबूबाईनं माळ घातली, दोन दिवस तिच्याकडं आरशात पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी दोऱ्याची गाठ हळूच ढिली करून ठेवली. माळ दुपारीच गळ्यात आली. इतक्या लवकर माळ उतरल्याचं त्या म्हाताऱ्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो चार लोकांना बोलावून तिला दाखवत होता, आणि अंबूबाई हळदीसारखी पिवळी होऊन त्याच्या पुढ्यात अंग खाजवत बसली होती.

मुलगा सोमनाथ दुधाचा टेम्पो चालवायचा. त्यानं माळेची गंमत ऐकली आणि पहिल्यांदा आईवर आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून झाल्यावर त्यानं तिला टेम्पोत बसवलं आणि वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं आणि चिठ्ठी देऊन थेट पुण्याला धाडलं. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होते, आणि त्यातला एक निसटून पित्ताच्या नळीत जाऊन अडकला होता.

डॉक्टर शेफाली नावाच्या होत्या. तिशी-पस्तिशीच्या, केस मागं घट्ट बांधलेले, बोलणं सावकाश. त्यांनी "आजी" म्हणून सुरुवात केली, तर अंबूबाईनं आधी मावशी म्हणायला लावलं आणि मगच पुढं ऐकून घेतलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. हे पित्ताशय, ही पित्ताची नळी, ही आतड्यात जिथं उघडते ती जागा. तोंडातून दुर्बिणीची नळी आत घालायची, त्या जागेपाशी पोचायचं, तिचं तोंड जरासं मोठं करायचं आणि खडा ओढून आतड्यात सोडून द्यायचा. पोटावर टाका नाही, काही नाही. पण एक भानगड आहे, म्हणाल्या. त्याच तोंडाशी आणखी एक नळी येऊन मिळते, स्वादुपिंडाची. खडा काढताना तिला धक्का लागला तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. शंभरातल्या पाच-दहा जणांना येते. बहुतेकांची दोन-चार दिवसांत उतरते, पण एखाद्याची फार वाढते आणि जिवावर बेतू शकतं.

अंबूबाईनं चित्र उलटसुलट करून पाहिलं. भातखाचराला पाणी देणारे दोन पाट एका मोरीशी येऊन मिळावेत तसं तिला ते दिसलं.

"म्हंजे गाळ अडकलाय ह्या पाटात," ती म्हणाली, "आन त्यो काडताना शेजारच्याचा बांध हलला, की त्यो भांडाया उटनार. भाऊबंदकीच म्हना की."

डॉक्टर शेफालींना हसू आलं. त्या म्हणाल्या, अगदी तसंच. आणि शेजाऱ्यानं भांडायला उठू नये म्हणून आपण आधीच त्याची समजूत काढून ठेवतो. कशी, तेही त्यांनी सांगितलं. एक तर शिरेतून सलाईन भरपूर द्यायचं. दुसरं, त्या नळीला फारच धक्का लागलाय असं वाटलं, तर तिच्यात काडीएवढी बारीक प्लास्टिकची नळी ठेवून द्यायची, म्हणजे सूज आली तरी वाट बंद होत नाही. आणि तिसरं, सगळ्यात साधं. दुर्बीण घालायच्या आधी सूज रोखणारी एक गोळी.

"तेवडी गोळी तर आत्ता बी गिळते," अंबूबाई म्हणाली.

ती गिळायची नसते, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती खालून ठेवायची असते. शौचाच्या जागी.

गेनूनं टोपी काढली, पुन्हा घातली आणि खिडकीबाहेर पाहायला लागला. सोमनाथला एकदम टेम्पो नीट लावलाय का ते बघायची आठवण झाली. अंबूबाई मात्र पदर तोंडाला लावून इतकी हसली, की कळ येऊन तिला थांबावं लागलं. "तोंडातनं दुर्बीन आन खालनं गोळी," ती म्हणाली. "म्हंजे घराची दोनी दारं सताड उगडी. बाई, चोर आला तर?"

डॉक्टरांनी तिला हसू दिलं आणि मग कामाचं विचारलं. मूत्रपिंडाचा काही त्रास? पोटात कधी अल्सर झाला होता, रक्त पडलं होतं? दुखण्याच्या गोळीनं कधी अंगावर पित्त उठलं, दम लागला? असं काही असलं तर ही गोळी देता येत नाही, म्हणून खरं सांगा. अंबूबाईनं सांगितलं की गुडघ्यासाठी वेल्ह्याच्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या ती खाते, पण त्यानं आजवर काही झालेलं नाही. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडंही ठीक निघाली. तिची गोळी पक्की झाली.

गुरुवारी सकाळी दुर्बिणीच्या खोलीबाहेर दोन बाकं होती. एकावर अंबूबाई, पाठीमागं नाड्या असलेला हिरवा झगा घालून. दुसऱ्यावर तसाच झगा घातलेला एक भरघोस मिशांचा गडी. तो सारोळ्याचा कुंडलिक. हमरस्त्याच्या कडेला त्याची रसवंती होती, आणि तिच्यापुढं थांबणारा प्रत्येक ट्रकवाला त्याला शेठ म्हणायचा. त्याच्याही नळीत खडा होता, त्याचाही नंबर त्याच सकाळी. त्याची बायको सुलक्षणा आणि गेनू काचेच्या दारापलीकडं नातेवाइकांच्या खुर्च्यांवर बसले होते.

मंगल सिस्टर ट्रे घेऊन आल्या. अंबूबाईला पडद्याआड नेलं, आणि दोन मिनिटांत ती परत बाकावर आली. आल्या आल्या तिनं सिस्टरला विचारलं, की आता हसलं तर चालेल का, का गोळी बाहेर येईल. सिस्टर म्हणाल्या, हसा, पण बेतानं.

कुंडलिकनं हे सगळं ऐकलं होतं आणि त्याचे कान लाल झाले होते. त्यानं सिस्टरला सांगितलं की त्याचं तो ठेवील, मदतीची गरज नाही. गोळी घेऊन तो संडासात गेला. एका मिनिटात बाहेर आला, मोकळं वेष्टन सिस्टरच्या ट्रेमध्ये टाकलं आणि छाती काढून बाकावर बसला. सिस्टरनी कागदावर खूण केली आणि त्या दुसऱ्या कामाला गेल्या.

अंबूबाईनं त्याला नीट न्याहाळलं. लहानपणी शेळी लपवून साळसूद तोंडानं फिरलेल्या बाईला दुसऱ्यानं काय लपवलंय हे ओळखायला फार वेळ लागत नाही. हा गडी बसताना अवघडला नव्हता, पण डाव्या हातानं कंबर मात्र सारखी चाचपत होता. खरी गोष्ट अशी होती, की लाजेनं त्यानं गोळी घेतली नव्हती, आणि चांगलं औषध फेकून द्यायचं जिवावर आलं म्हणून ती रुमालात गुंडाळून झग्याखालच्या पायजम्याच्या नाडीपाशी खोवली होती.

"पाव्हनं," अंबूबाई इकडंतिकडं बघत म्हणाली, "मगाशी शिस्टर मला सांगत व्हती, लई गमतीची असती म्हनं ही गोळी. अंगाच्या उबीनं इतळती. तुपावानी."

कुंडलिक म्हणाला, असेल.

मग अंबूबाईनं त्या गोळीचं पुराण लावलं. ऊब कुठलीही चालते, असं तिनं सांगितलं. आत असली तर आत वितळते, कापडात असली तर कापडात. आणि कापडाला लागली की साबणानं जात नाही, सोड्यानं जात नाही. तिच्या मावसभावाच्या धोतराला लागलेला डाग म्हणे अजून तसाच आहे. तिला मावसभाऊ नव्हता. कुंडलिक ऐकत होता आणि त्याचा हात कमरेवरून हलत नव्हता. अर्धं पुराण होईतो हिरव्या झग्यावर, नाडीच्या थोडं वर, रुपयाएवढा तेलकट डाग उमटला. पुराण संपलं तेव्हा तो बशीएवढा झाला होता.

दोघांनीही डागाकडं पाहिलं. कुंडलिकनं त्यावर हात ठेवला. अंबूबाईनं तोंडात पदर कोंबला, कारण सिस्टरनी बेतानं हसायला सांगितलं होतं.

"मावशी," शेवटी तो हळूच म्हणाला, "कुनाला बोलू नका. आमी गावात चार मान्सांत बसनारी मान्सं. हे असलं बरं दिसत न्हाई."

अंबूबाईचं हसू थांबलं. काचेपलीकडं सुलक्षणा दोन्ही हातांत नवऱ्याचं घड्याळ आणि चपला धरून बसली होती. अंबूबाई सकाळपासून बडबड करत होती ती काही सगळी करमणुकीसाठी नव्हती.

"ऐका," ती आवाज खाली आणून म्हणाली. "मला बी भ्या वाटतंय. त्या डाक्टरीन बाईनं सांगितलंय, शंबरात पाच-धा जनांचं चिडतं. तुमी-आमी त्या धात असू का न्हाई, कुनाला ठावं? आता तुमी चार मान्सांत बसनारं, पर ती बाई तुमच्या चपला घिऊन बसलीया. तिला एकटीला घरी जाया लागलं, तर ती चार मानसं काय करनार हायेत?"

कुंडलिकनं काचेपलीकडं सुलक्षणाकडं पाहिलं. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच मंगल सिस्टरना हाक मारली आणि डागावरचा हात काढला. सिस्टरनी डाग पाहिला, रुमाल पाहिला, आणि एका अक्षरानंही न रागावता दुसरी गोळी आणि दुसरा झगा आणवला. या वेळी पडद्याआड एक वॉर्डबॉय त्याच्यासोबत गेला. बाहेर आल्यावर कुंडलिक अगदी जपून, एका अंगावर बसला. आता खरी बसली म्हणायची, असं अंबूबाईनं मनाशी ठरवलं.

कुंडलिकचा खडा वीस मिनिटांत निघाला. संध्याकाळी तो नारळपाणी पीत होता आणि दुसऱ्या दिवशी घरीसुद्धा गेला. अंबूबाईचं मात्र सरळ झालं नाही. तिच्या नळीचं तोंड आतल्या बाजूला वाकडं होतं. पित्ताच्या नळीत शिरायची तार तीनदा शेजारच्या नळीत गेली. डॉक्टर शेफालींनी ती प्लास्टिकची बारीक नळी तिथं ठेवून दिली आणि मग तिच्या शेजारून पित्ताची नळी गाठून खडा काढला. काम झालं, पण ज्याच्या बांधाला हात लावायचा नव्हता त्याला तीनदा लागला होता. म्हणून वॉर्डात आणल्यावर सलाईन वाढवलं, तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं बजावलं, आणि पोटात दुखलं तर लगेच सांगा, हे दोनदा सांगितलं.

दुपारी चारच्या सुमाराला अंबूबाईला दुखायला लागलं. तिनं सांगितलं नाही.

त्याला कारण होतं. सकाळी सिस्टर कुणाला तरी म्हणताना तिनं ऐकलं होतं, की दुखलं नाही तर उद्या घरी. शनिवार-रविवार जोडून सोमवारी सुट्टी होती. गडावर माणसांची रीघ लागणार होती आणि पालीतली दुसरी एक बाई हिरड्याखाली पोतं टाकायला टपलेली होती. तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. खोटी कळ तिनं आयुष्यभर वाजवून सांगितली होती. खरी आली ती मात्र ओठ चावून लपवली.

त्याच वेळी वॉर्डात एक मजा झाली. समोरच्या खाटेवरच्या आजींना भेटायला आलेले एक जाडजूड गृहस्थ, मागं न बघता, कुणीतरी खाटेवर ठेवलेल्या शहाळ्याच्या पाण्याच्या पिशवीवर बसले. पिशवी फुटली. गृहस्थ उठले ते पाठीमागून ठिबकत. सगळा वॉर्ड खदखदून हसला. सलाईन लावलेल्या बायका हसल्या, मंगल सिस्टरसुद्धा वहीत तोंड घालून हसल्या.

अंबूबाईनं मान वळवून पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

गेनू स्टुलावर बसला होता. त्यानं त्या गृहस्थांकडं पाहिलं, मग बायकोकडं पाहिलं, आणि टोपीला हातही न लावता तो उठला. सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन म्हणाला, "बाई, हिला बगा. ही गप हाय."

सिस्टर म्हणाल्या, थकल्या असतील, झोपू दे त्यांना.

"पंचेचाळीस वर्सं झाली लग्नाला," गेनू म्हणाला. "ही झोपंत बी गप नसती."

सिस्टर आल्या. अंबूबाईनं त्यांना काही होत नाही म्हणून सांगितलं. गेनू खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेला, म्हणजे भिंत आणि ती यांच्यामध्ये, आणि तिच्या तोंडाकडं पाहत उभा राहिला. "खरं सांग," एवढंच म्हणाला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आपण गोठ्यात निघून गेलो, हे त्याच्या मनातून गेलेलं नव्हतं.

"कळ हाय," ती म्हणाली. "पार पाटीत जातीया."

मग धावपळ झाली. रक्त घेतलं. डॉक्टर शेफाली वर आल्या, पोट तपासलं, दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं, सलाईनचा वेग पुन्हा वाढवला. स्वादुपिंडाला सूज आलेली होती. ती रात्र आणि पुढचा दिवस गेनू त्या स्टुलावरून उठला नाही. अंबूबाईला बोलायचं त्राण नव्हतं, म्हणून त्यानं बोलायचा प्रयत्न केला. यंदा खाचरातली इंद्रायणी कशी लोंबली होती, गाय कधी विणार, असलं काहीबाही. एका वाक्यानंतर दुसरं सुचेपर्यंत बराच वेळ जायचा. अंबूबाई डोळे मिटून ऐकत होती. एवढं सलग बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी दुपारी कळ ओसरली. रविवारी उतरलीच. डॉक्टर म्हणाल्या की सूज अगदी हलक्यावर गेली. अंबूबाईनं विचारलं, की मग ती गोळी आणि नळी कामाला आली म्हणायची का वाया गेली, कारण सूज तर आलीच. डॉक्टर शेफालींनी सरळ सांगितलं, की एका माणसाकडं बघून ते कुणालाच सांगता येणार नाही. पण हजारो माणसांवर पाहिलेलं आहे, की त्यानं सूज येणाऱ्यांची संख्या बरीच कमी होते. तुम्ही उरलेल्यांत निघालात. आणि दुखणं लपवून आणखी रात्रभर पडून राहिला असतात, तर मात्र आज गंमत करायला उरला नसतात. हे शेवटचं बोलताना त्या हसत नव्हत्या. अंबूबाईनं मान खाली घातली.

पण रविवारी संध्याकाळपर्यंत ती पुरती पूर्वीसारखी झाली होती, म्हणजे चहा मागायला लागली होती. डॉक्टरांनी अजून फक्त पाणी आणि भाताची पेज सांगितली होती. अंबूबाईनं गेनूला पटवलं, की दुधाचा नको, कोराच आण, कोरा म्हणजे पाणीच की. गेनू उठून खाली गेला. वीस मिनिटांनी रिकाम्या हातानं परत आला. चहा कुठं, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "पिलो." मग टोपी सारखी करून, जरा विचार करून, पुढं म्हणाला, "ग्वाड व्हता."

अंबूबाई त्याच्याकडं बघतच राहिली. आपल्याला कुणी बनवलं याचा राग यावा, का या माणसाला एवढं येतं हे पंचेचाळीस वर्षं कळलं नाही याचा, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

दहा दिवसांनी एक्स-रे काढला तर ती बारीक नळी आपोआप पडून गेलेली होती. डॉक्टरांनी तसं होतंच म्हणून सांगितलं होतं. तरीही ती नेमकी कधी गेली हे आपल्या नजरेतून सुटलं, याची अंबूबाईला चुटपुट लागली. पुढच्या महिन्यात पोटाला तीन-चार छोटी भोकं पाडून खड्यांची पिशवीही काढून टाकली, म्हणजे पुन्हा खडा निसटायचं कारण राहिलं नाही. आणि दिवाळीनंतर ती हिरड्याखाली बसायला लागली. टपलेल्या बाईनं जागा मुकाट्यानं सोडली, कारण अंबूबाईनं तिला सांगितलं होतं, की दुर्बीण घातलेल्या माणसाची दृष्ट फार कडक लागते.

कुणाला बोलू नका, हे कुंडलिकचं म्हणणं तिनं आपल्या परीनं पाळलं. रुमालाची गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पण त्यातला माणूस तिनं कराडकडचा करून टाकला होता, आणि रसवंतीच्या जागी त्याला वीटभट्टी दिली होती. एका रविवारी कुंडलिक आणि सुलक्षणा शेंगांचं पोतं घेऊन पालीत आले. चढून हिरड्यापाशी पोचले तेव्हा आठ-दहा ट्रेकर पोरंपोरी गोल करून बसली होती आणि गोष्ट ऐन रंगात होती. अंबूबाई सांगत होती, की त्या वीटभट्टीवाल्यानं निळ्या रुमालात गोळी बांधली.

"निळा कुटला, पांढरा व्हता," मागून कुंडलिक म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुंडलिकच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. सुलक्षणाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, अंबूबाईकडं पाहिलं, आणि त्या पांढऱ्या रुमालाचा डाग काढताना आपण किती सोडा संपवला हे तिला आठवलं. त्यानंतर ती जी हसायला लागली, ती ताक पिऊनही थांबेना. कुंडलिकनं मिशीला ताव दिला आणि तोही हसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

या फाल्गुनात वेल्ह्याजवळच्या एका वाडीतली बाळाबाई, अंबूबाईच्या लांबच्या नात्यातली, डोळे पिवळे करून दारात आली. तिलाही दुर्बीण सांगितली होती. ती घाबरली होती आणि आधी माळ घालून बघू का, असं विचारत होती. अंबूबाईनं तिला पुढ्यात बसवलं. माळेचं खरं काय ते सांगून टाकलं, गाठीसकट. दुर्बिणीआधी खालून गोळी देतात ती घ्यायला लाजू नकोस, म्हणाली. नंतर खाऊ नको म्हटलं की खायचं नाही, चहासुद्धा. आणि दुखलं तर दुखलं म्हण. आपल्याला साखरेचा आजार आहे आणि मूत्रपिंडं जरा अशक्त आहेत असं बाळाबाईनं सांगितलं, तेव्हा अंबूबाई थांबली.

"मग तुला गोळी देनार न्हाईत," ती म्हणाली. "दुसरं कायतरी करतील, त्यांच्यापाशी हाय. पर हे गेल्या गेल्या सांग. इचारायची वाट बगू नको."

बाळाबाईला गोळी दिली नाही. मूत्रपिंडांकडं बघून सलाईन मोजून दिलं, आणि स्वादुपिंडाच्या नळीला धक्का लागल्यावर त्यात ती बारीक नळी ठेवली. तिला काहीच दुखलं नाही. चौथ्या दिवशी ती एसटीनं वेल्ह्याला उतरली, तेव्हा अंबूबाई आणि गेनू स्टँडवर उभे होते. बाळाबाईच्या हातात दवाखान्याची फाईल होती आणि तोंडावर ऊन. अंबूबाईनं तिच्या हातातली फाईल घेतली, गेनूनं पिशवी घेतली, आणि ती तिघं सोमनाथच्या टेम्पोकडं हळूहळू चालत गेली.